मारबतीच्या सकाळचा काढा

आमचा बुढा कोणाचं ऐकत नाही. कोराडीच्या वीजघराच्या कॉलनीत सारी नोकरी काढली, तिथं साहेबाचं ऐकलं नाही. रिटायर झाल्यावर हुडकेश्वरले घर बांधलं, तं मिस्त्रीचं ऐकलं नाही. म्हणून आमच्या न्हाणीतलं पाणी मोरीकडे जायच्या ऐवजी दाराकडे येते. अन् मी काही बोलली का म्हणते, "तुले काय समजते वं?" मले काय समजते! त्याच्या खोकल्यावरून आज भाजीत तिखट जास्त पडलं का कमी, एवढं मले समजते.

नाव रुपराव. रूप होतं बरं का, खोटं कायले बोलू. लग्नात माह्या मावश्या कानात म्हणे, "गोपिके, नशीब काढलं वं पोरी." तवापासून मी त्या नशिबाच्या मागं औषधाच्या गोळ्या घेऊन फिरून राहिली.

दमा त्याच्या घराण्यातला. सासऱ्याले होता, आतेसासूले होता. डॉक्टरनं तोंडात मारायचा पंप देल्ला, तं हा बह्याड म्हणते, पंपाची सवय लागते, एकदा तोंडाले लावला का माणूस कामातून गेला. पंप अलमारीत, अन् हा ओसरीत छाती धरून बसलेला. सासऱ्याचं औषध मात्र त्याले पटे. सासरा धोतऱ्याचं पान वाळवून बिडीत भरे अन् वढे. धूर आत गेला का छाती मोकळी होये म्हणते. आमच्या बुढ्यानंही जवानीत तेच केलं.

मंग आमची मयुरा बाळंतपणात अडली. दोन जीव टांगणीले लागले होते. हा माणूस दवाखान्यातून उठला, सीधा कोराडीच्या देवीपुढं जाऊन उभा राहिला, अन् म्हणे, "माये, पोरगी सुटू दे, जन्मात बिडी ओठाले लावणार नाही." पोरगी सुटली, नात झाली. बुढ्यानं त्या दिवसापासून बिडी पाह्यली नाही. कोणी पानठेल्यावर पुढं केली तं हात जोडे. माह्याशी बोललेलं दहा वेळा विसरेल, पण देवीले देल्लेला शब्द म्हणजे शब्द.

तर झालं असं. पोळ्याचा दुसरा दिवस, मारबतीचा. नागपूरच्या बाहेरच्याले सांगते, त्या दिवशी शहरात पिवळी मारबत अन् काळी मारबत निघते. मोठमोठ्या बाहुल्या, संगं बडग्या म्हणून गड्याचे पुतळे, वाजतगाजत नेतात अन् गावाबाहेर जाळतात. जाताना सारे वरडतात, रोगराई घेऊन जाय गे मारबत! आमच्या हुडकेश्वरले मिरवणूक येत नाही, पण बुढा सकाळी उठून अंगणात उभा राहून वरडला, "दमा-खोकला घेऊन जाय गे मारबत!" शेजारची पोट्टी हासली. मीही हासली.

माहा देर देवाजी पोळ्यासाठी गावाकडून आला होता. वावर तोच पाहते. तो बाहेर दात घासत होता. मी देवाचं करून सैपाकघरात गेली तं बुढा पितळी गिलास धुऊन पालथा घालून राहिला. आयुष्यात कपबशी उचलली नाही या माणसानं. मी म्हटलं, "काहून आज एवढं?" म्हणे, "तुळशीचा काढा घेतला." मले तं कौतुकच वाटलं.

अन् मंग थोड्या वेळानं मी भाजी निवडत होती, तं हा खाटेवर बसून हवेतून धागे वढून राहिला. एक धागा वढे, बोटाले गुंडाळे, दुसरा वढे. मी म्हटलं, नाटकं पुरे करा. त्यानं माह्याकडे पाह्यलं. डोळे कसे सांगू, सारं बुबुळ काळंच काळं झालेलं, भवतालची तांबूस कडाच दिसेना. मले म्हणे, "बाई, वीज कापाले आली काय? बिल भरलं हाय आमी." 

हात लावला तं आंग तव्यासारखं. तोंड लालभडक. "पाणी, पाणी" करे, पण पाणी देल्लं तं घशाखाली उतरेना, बाहेर सांडे. उठला, भिंतीले धडकला, भिंतीलेच म्हणे, "सरक ना बे." देवाजी धावत आला. "वहिनी, भाऊले काय झालं?" मी म्हटलं, "मले काय विचारता, आटो आणा आटो!" आटोत दोघांमध्ये त्याले दाबून बसवलं. सारा रस्ता तो हवेतल्या कोणाशी भांडत होता, अन् मी देवाचं नाव घेत होती.

दवाखान्यात नेल्याबरोबर देवाजीनं सांगून टाकलं, "परवा वावरात आला होता जी भाऊ. कपाशीवर फवारा मारून राहिलो होतो, तिथंच बसला होता."

झालं! त्या दिवसात दवाखान्यात फवारणीचे पेशंट येतच राहतात. आमच्या इकडं वावराचा माणूस बेहोश आला का पहिलं तेच डोक्यात येते. बाजूच्या खाटेवरची बाई आपल्या नवऱ्याले हळूच म्हणे, "औषध घेतलं वाटते बिचाऱ्यानं." मले असा राग आला! मी म्हटलं, "वा वं बाई! त्याले सर्दीची गोळी घ्याले मिन्नतवाऱ्या कराव्या लागते, अन् तो विषाचं औषध घेईल?"  पण माह्या मनात चर्र झालं, ते खोटं नाही.

पुष्पलता सिस्टर म्हणून होत्या. फवारणीच्या विषावर जे इंजेक्शन देतात, अॅट्रोपिन, ते त्याईनं भरूनही घेतलं होतं. दिवसभर तेच भरत असल्यावर हातही तिकडंच जाईन ना. तेवढ्यात श्वेता मॅडम आल्या, तिथल्या डॉक्टर. पोरगी आमच्या मयुराएवढी. त्याईनं काही विचारलं नाही, सीधा बुढ्याच्या काखेत हात घातला. मी म्हटलं हे काय आता? मंग डोळ्यात बॅटरी मारली, जीभ पाह्यली, पोट दाबलं.

"थांबा सिस्टर," त्या म्हणाल्या. "ते देऊ नका."

सिस्टरचा हात जागीच राहिला.

"फवारणीचा माणूस ओला असतो," मॅडम म्हणाल्या. "लाळ गळते, घाम फुटतो, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते. हे तर कोरडे ठाक आहेत. काखेतसुद्धा घाम नाही. लघवी तुंबलीय. हे उलटंच विष आहे." मंग माह्याकडे वळल्या. "काकू, यांनी काय खाल्लंय?"

"तुळशीचा काढा घेतला म्हणे जी."

"तुळशीनं असं होत नाही."

आंग थंड करायसाठी सिस्टर त्याचा शर्ट काढून राहिल्या होत्या. खिसा उलटा झाला अन् खाली काटेरी फळाचं अर्धं टरफल पडलं. हिरवंच होतं. मी ओळखलं. देवाजीनंही ओळखलं, अन् त्याचं तोंड उतरलं. "वहिनी, हे मीच आणून देल्लं. वावराच्या धुऱ्यावरून. भाऊ म्हणे, महादेवाले धोतरा वाहाचा हाय."

माह्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बिडी वढाची नाही, देवीची शपथ! धोतरा तं घ्याचा हाय! मंग हा शहाणा वढाच्या ऐवजी पेला. शपथ मोडली नाही, दमाही मारबतीच्या हवाली केला, सारा हिसाब बराबर! असा माणूस हाय हा. मले रडू यावं का त्याच्या दोन थोबाडीत माराव्या, समजेना. मी मॅडमले सांगतलं, खोकल्यासाठी धोतऱ्याचा काढा पेला म्हणून.

"बिया होत्या का त्यात?"

"टरफल रिकामं हाय, मतलब बियाही गेल्या असतीन."

मॅडमनं सिस्टरच्या हातातल्या सुईकडे बोट दाखवलं अन् सांगतलं. ते भरलेलं इंजेक्शन धोतऱ्याच्याच जातीचं असते, हे मले तवा समजलं. ते आंगात गेलं असतं तं आगीत रॉकेल. सिस्टर ते टाकाले निघाल्या. मॅडमनं त्याईच्या खांद्यावर हात ठेवला अन् म्हणाल्या, "टाकू नका ते. ट्रेमध्ये ठेवा, कदाचित लागेल."

मले वाटलं, ही पोरगी काय बोलून राहिली!

मंग मॅडमनं मले बाजूले घेतलं. म्हणाल्या, धोतऱ्यावर उतारा आहे. फायसोस्टिग्मिन नावाचं इंजेक्शन. ते डोक्यापर्यंत पोचते अन् भ्रम उतरवते. पण कोणत्या दुकानात मिळत नाही, त्याईच्याकडेही नव्हतं. चार फोन केले तवा लकडगंजकडच्या एका दवाखान्यात भूल देणाऱ्या डॉक्टरजवळ निघालं. देवाजी कोणाची तरी मोटारसायकल मागून तसाच निघाला.

अन् दिवस कोणता? मारबतीचा! सारा पूर्व नागपूर रस्त्यावर. इकडं बुढ्याचा ताप चढून राहिला. ओल्या चादरी टाकल्या, पंखा लावला, लघवीची नळी घातली, झोपेचं औषध देल्लं. झोप कसली? क्षणभर मान टाके, अन् पुन्हा उसळून उठे. चार जणाईनं धरावं लागे. हाताले मऊ पट्ट्या बांधल्या. ज्या माणसानं कोणाले नमस्कारही मोजून केला, तो बांधलेल्या हातानं हवेतल्या कोणाले तरी हात जोडून राहिला. मले पाहवेना. बाहेरही जाववेना.

देवाजीचा फोन आला. मागं नुसते ढोल. "वहिनी, अटकलो! पुढं मारबत, मागं बडग्या, गाडी हालत नाही!"

"गाडी टाका तिथंच! पायी जा! धावत जा!"

"जाऊन राहिलो ना वं वहिनी!"

फोन बंद. त्या मारबतीले मी जन्मभर रोगराई घेऊन जाय म्हटलं. त्या दिवशी मनातून म्हटलं, तूच बाजूले हो माय, रस्ता दे.

मॅडम इकडं हृदयाची पट्टी काढून पाहत होत्या. वरून खाली, खालून वर. मले विचारलं, "झोपेच्या, डिप्रेशनच्या गोळ्या घेतात का? लपवू नका. तसल्या गोळ्यांचं विष असेल तर हा उतारा हृदय बंद पाडू शकतो. पट्टी चांगली दिसतेय, पण मला तुमच्या तोंडून ऐकायचंय."

"नाही जी. कोणतीच गोळी घेत नाही. बीपीचीही कुंडीत टाकते."

"दुसरा काही आजार?"

"दमा."

मॅडमनं पट्टीवरची नजर उचलली. "दमा आहे? तुम्ही तो धोतरा खोकल्यासाठी म्हणालात."

"दमाच हाय. लहानपणापासून."

त्याईनं पट्टी खाली ठेवली. त्याईचं तोंड पाहून मले वाटलं, काहून सांगतलं मी? जीभ काहून चावली नाही? पण लगेच वाटलं, सांगतलं नसतं तं!

"काकू, बसा," मॅडम म्हणाल्या. "सरळ सांगते. आत्ता काकांची छाती मोकळी आहे, कारण धोतऱ्यानंच ती मोकळी केलीय. उतारा दिला की धोतऱ्याचा जोर उतरेल, आणि छाती आवळू शकते. दम्याच्या माणसाला शक्यतो आम्ही हे देत नाही."

"नाही देल्लं तं?"

"झोपेचं औषध वाढवत जावं लागेल. दिलंय त्यानं भागत नाहीये. अजून वाढवलं तर श्वास मंदावेल, घशात नळी टाकून मशीनवर ठेवावं लागेल. दम्याच्या माणसाला मशीनवरून उतरवणं कठीण जातं. आणि ताप असाच चढत राहिला तर थांबायला वेळही उरणार नाही."

"मतलब दोन्हीकडून विहीर."

"हो. पण एका विहिरीला पायऱ्या आहेत. थोडं थोडं देईन. छाती वाजली की थांबेन. नाडी पडली तर ते मघाचं अॅट्रोपिन आहे, उताऱ्यावरचा उतारा. म्हणून टाकू दिलं नाही."

मी बुढ्याकडे पाह्यलं. तो छताकडे पाहून ओठ हालवत होता. साऱ्या आयुष्यात त्यानं माह्यासाठी एक लुगडंसुद्धा मले विचारून आणलं नाही, अन् आता त्याचा जीव मले विचारून राहिले. मी म्हटलं, "द्या. पण तुमीच द्या. दुसऱ्याच्या हातानं नाही."

"मीच देणार आहे," त्या म्हणाल्या.

देवाजी आला तवा डोक्यापासून पायापर्यंत गुलालानं भरलेला, पायात एकच चप्पल, अन् दोन्ही हातानं ती लहानशी डबी छातीशी धरलेली. 

मॅडमनं घाई केली नाही. मी म्हटलं आता तं टोचा! पण त्याईनं आधी कुपीवरचं नाव दोनदा वाचलं, सिस्टरले वाचाले लावलं. वाफेचं मशीन दम्याचं औषध भरून उशाशी ठेवलं. घशातलं पाणी वढाची नळी लावली. अॅट्रोपिन सिस्टरच्या हातात देल्लं अन् म्हणाल्या, "तुम्ही फक्त पडद्यावर पाहायचं. नाडी साठच्या खाली गेली की बोला."

अन् सुरू केलं. काय सांगू, सुई दाबून राहिल्या का नाही तेच दिसेना, एवढं हळू. थोडं दाबे, थांबे, छातीले नळी लावून ऐके. पुन्हा थोडं. पडद्यावरचा आकडा उतराले लागला. सिस्टर आकडे बोलून राहिल्या. आकडा उतरला का मले आनंदही होये अन् धाकही वाटे, आता कुठंवर उतरते? देवाजीनं तोंड भिंतीकडे केलं.

बुढ्याचे हात थांबले. धागे वढणं थांबलं. ओठावर ओल आली.

तवाच मॅडमनं सुई थांबवली. छातीवर कान लावून राहिल्या. मले नळी लागत नाही, मी खाटेच्या पायथ्यापासूनच ऐकलं. ती दम्याची शिट्टी. ती मी ओळखणार नाही तं कोण ओळखन? बारीक होती, पण होती.

"बस," मॅडम म्हणाल्या. "वाफ द्या."

अर्धी सुई तशीच ठेवली. वाफेचा मास्क तोंडावर लावला. मी शिट्टी ऐकत होती. वाढते का? वाढली.  मॅडमनं दुसरं औषध नसेतून देल्लं अन् त्याच्या छातीवरून हात काढला नाही.  मंग शिट्टी लांबली, मंग पातळ झाली. थांबली नाही, पण वाढलीही नाही.

बुढ्यानं डोळे माह्यावर आणले. अन् ते डोळे त्याचे होते.

"काका, नाव काय तुमचं?" मॅडमनं विचारलं.

"रुपराव." मास्कमधून आवाज घोगरा आला.

"कुठे आहात?"

"दवाखाना दिसते."

"ही कोण?"

"बायको ना माही. कोण असन?"

मले एकदम रडूच फुटलं. मॅडम म्हणाल्या, "काकू, बोला त्यांच्याशी. पण ऐका, हे औषध तासभरसुद्धा टिकत नाही. धोतरा पोटात आहेच. ते पुन्हा थोडे बडबडतील, घाबरू नका. छाती वाजलीय, म्हणून दुसऱ्यांदा देणार नाही. ताप उतरतोय, आता झोपेच्या औषधावर निभेल." अन् त्या दोन पावलं मागं सरल्या.

मी त्याच्या तोंडाजवळ वाकली. लाड कराचे सोडून माह्या तोंडातून निघालं ते असं, "मेल्या, काहून पेला तो काढा? काय कमी केलं मी तुले?" साऱ्या वार्डासमोर नवऱ्याले अरेतुरे केलं मी. लाज वाटली नाही.

त्यानं बांधलेला हात हालवाले पाह्यला. सिस्टरनं पट्टी सोडली. त्यानं माह्या मनगटाले धरलं.

"तू झोपाव म्हणून," म्हणे.

"काय?"

"मले आडवं होता येत नाही. तू रोज माह्या पाठीले पाठ लावून बसते. तुले वाटते मले डोळा लागला. मी जागाच राहतो. तुही मान पडते, अन् मी खोकललो का तू दचकून उठते. पाहवत नाही वं. पोळ्याच्या राती तं तू बसल्या बसल्या रडली. म्हटलं एक रात तरी खोकला बंद ठेवू, बुढी आडवी होईन."

हे खरं होतं. पंधरवड्यापासून मी तशीच बसत होती, अन् पोळ्याच्या राती मले खरंच रडू आलं होतं, थकल्यामुळं. मले वाटलं होतं कोणी पाह्यलं नाही.  आमच्यात असं बोलाची पद्धतच नव्हती कधी. मी नुसती त्याच्या तोंडावरची लाळ पदरानं पुसत राहिली, अन् तो माह्याकडे पाहत राहिला. मंग हळूहळू त्याचं पाहणं सैल झालं. पकड ढिली झाली. तो माह्या बांगडीले म्हणे, "बाई, बिल भरलं हाय." गेला पुन्हा तिकडंच.

या वेळी ताप नव्हता, उसळणं नव्हतं. मॅडमनं सांगतलं तसंच झालं. मी तिथंच बसून राहिली, सकाळ होवस्तोवर.

सकाळी तो शुद्धीवर आला तवा कपाळावर घाम होता अन् पहिला शब्द निघाला, "चहा." मॅडमनं तपासलं, छाती ऐकली, हासल्या. त्या गेल्यावर बुढा माह्याकडे चोरट्यावानी पाहून म्हणे, "काल मी काय काय बडबडलो?"

"काहीच आठवत नाही?"

"गिलास धुतला तेवढं आठवते. काहून, वेडंवाकडं बोललो काय?"

मी त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. तो जे बोलला, ते त्यालेच माहीत नव्हतं. जगात ते आता एकट्या माह्याजवळ होतं.

"तुमी कुत्रे हाकलून राहिले होते," मी म्हटलं.

"हव का," तो म्हणे, अन् त्याचं समाधान झालं. मंग जरा वेळानं म्हणे, "तू घरी जाय. देवाजी हाय इथं. जाऊन आडवी हो."

मी तोंडाले पदर लावला. त्याले वाटलं मी चिडली, म्हणून तो भिंतीकडे तोंड करून गपचूप पडून राहिला.